दुधाची तहान ताकावर, पण कोणाच्या सांगण्यावरून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरींच्या काही युनिट्ससाठी तुम्ही एक लहान टूल सांभाळता. डिझाइन रूममधल्या पीसीवरच्या जॅकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या मागाच्या) फाइल्स शेडमधल्या एनएएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीच्या पेटीवर, नेऊन ठेवायच्या, एवढंच त्याचं काम. काही ठिकाणचा एनएएस इतका जुना आहे की तो एसएमबीच्या, म्हणजे नेटवर्कवरून फाइल्स देण्याघेण्याच्या प्रोटोकॉलच्या, नवीन आवृत्त्या बोलतच नाही. म्हणून सहकाऱ्याने पॅच (कोडमधला बदल) पाठवलाय: आधी ३.१.१ आवृत्तीने जोडून बघायचं, नाही जमलं तर ३.०, मग २.१, मग २.०.२ आणि शेवटी १. चाळीसेक ओळी आहेत, कोड स्वच्छ आहे, टेस्ट पास होतात. आता रिव्ह्यू करताना नेमकं काय बघायचं?

मी हा पॅच आहे तसा मुख्य कोडमध्ये मर्ज होऊ देणार नाही. कोड वाईट लिहिलाय असं नाही. तो चुकीचा प्रश्न विचारतोय. ‘जोडणी झाली का?’ एवढंच तो बघतो आणि नाही झाली की एक पायरी खाली उतरतो. खाली उतरायला कोणी सांगितलं, हे मात्र त्याला माहीत नाही. दुधाची तहान ताकावर भागवावी लागते, जुनी यंत्रं असलेल्या गावात तर लागतेच. पण दूध संपलंय हे दूधवाल्याने सांगितलं, की दारापर्यंत जाऊन आपणच तसं गृहीत धरलं? फॉलबॅकचा, म्हणजे असं खाली उतरण्याचा, रिव्ह्यू म्हणजे बहुतांशी या एकाच प्रश्नाचं उत्तर कोडमध्ये शोधणं.

आधी हे बघा की एकेक आवृत्ती करून बघणाऱ्या या लूपचा मोठा भाग मुळातच नको आहे. एसएमबी २ पासून पुढे क्लायंट (इथे तुमचं टूल) आपल्या पहिल्या निगोशिएट, म्हणजे आवृत्ती ठरवण्याच्या, विनंतीतच आपल्याला येणाऱ्या सगळ्या डायलेक्टची (आवृत्त्यांची) यादी पाठवतो. हेक्समध्ये ०२०२, ०२१०, ०३००, ०३०२, ०३११ हे पाचही आकडे एका पाकिटात (पॅकेटमध्ये) जातात. सर्व्हर त्यातला आपल्याला येणारा सगळ्यात वरचा आकडा निवडून कळवतो. म्हणजे ३.१.१ पासून २.०.२ पर्यंत उतरायला एक विनंती आणि एक उत्तर पुरतं. तुमचा सहकारी हेच काम चार वेगळ्या जोडण्या करून करतोय आणि प्रत्येक वेळी यादीत एकच डायलेक्ट ठेवतोय. त्याने नुसता वेळ जात नाही. ‘मला ३.१.१ सुद्धा येतं’ हे क्लायंटचं म्हणणं पुढच्या विनंत्यांमधून गळून जातं, आणि डाउनग्रेड झाला का, म्हणजे कोणी मुद्दाम खालच्या आवृत्तीवर ढकललं का, हे नंतर पडताळायला नेमकी तीच माहिती लागते. रिव्ह्यूमधली माझी पहिली ओळ हीच असेल: लूप काढा, पूर्ण यादी एकदाच पाठवा.

राहिली शेवटची पायरी, दोनवरून एकवर. खरी अडचण तिथेच आहे, आणि लोक असा लूप का लिहितात तेही तिथेच कळतं. एसएमबी १ च्या पाकिटाची सुरुवात एफएफ या बाइटने होते, एसएमबी २ ची एफई ने. फक्त १ बोलणाऱ्या जुन्या सर्व्हरला एफई ने सुरू होणारं पाकीट मिळालं की ते त्याला कळतच नाही. ‘मला ही आवृत्ती येत नाही’ असं सभ्य उत्तर न देता तो बहुतेक वेळा जोडणीच तोडतो. उलट दिशेनेही तेच होतं. लिनक्सवर आवृत्ती जुळली नाही की दूरचा फोल्डर जोडणारी माउंट कमांड अनेकदा त्रुटी ११२ दाखवते, तिचा मजकूर ‘होस्ट इज डाउन’. होस्ट ठणठणीत असतो, पिंगला उत्तर देतो, आणि समोरचा माणूस केबल तपासत बसतो. लिनक्स कर्नल ४.१३ मध्ये, २०१७ साली, वेगळं काही सांगितलं नाही तर वापरायची आवृत्ती १.० वरून ३.० केली गेली तेव्हा पुष्कळांना हाच अनुभव आला. मग ४.१३.५ पासून क्लायंट एकच आवृत्ती न धरता २.१ आणि त्यावरच्या आवृत्त्यांची यादी देऊ लागला. कर्नलवाल्यांनीही शेवटी यादीच निवडली, आणि १ त्या यादीत ठेवली नाही. ती हवी असेल तर स्वतः लिहून मागावी लागते.

म्हणजे जुन्या सर्व्हरचं ‘मला येत नाही’ आणि नेटवर्कमधला कुठलाही बिघाड, दोन्ही क्लायंटला सारखेच दिसतात: जोडणी तुटली किंवा टाइमआउट झाला. तुमच्या पॅचमधला कॅच ब्लॉक (त्रुटी हाताळणारा भाग) कुठलीही त्रुटी आली की खाली उतरतो. मग क्लायंट आणि सर्व्हरच्या मध्ये बसलेल्या हल्लेखोर माणसाला काय करावं लागेल? पासवर्ड फोडायचा नाही, सही (पाकीट कोणी बदललेलं नाही याची खूण) बनवायची नाही. पहिली चार पाकिटं खाल्ली की झालं, पाचव्या वेळी तुमचं टूल आपण होऊन १ वर येतं. २०१४ साली ब्राउझरमध्ये पूडल नावाने जी कमजोरी गाजली तिचा पाया हाच होता. हॅन्डशेक (जोडणीची सुरुवातीची बोलणी) फसला की ब्राउझर खालच्या आवृत्तीने पुन्हा प्रयत्न करायचे आणि हल्लेखोर हॅन्डशेक मुद्दाम फसवायचा. त्यावर २०१५ मध्ये आरएफसी ७५०७ हा इंटरनेट मानकाचा दस्तऐवज आला. ‘मी नाइलाजाने खाली आलोय’ अशी खूण क्लायंटने पाठवायची, आणि सर्व्हरला त्याहून वरचं येत असेल तर त्याने जोडणी नाकारायची, अशी त्यातली सोय.

एसएमबीतही अशी सोय आहे, पण तिला मर्यादा आहे आणि ती मर्यादा रिव्ह्यू करणाऱ्याला तोंडपाठ हवी. ३.० आणि ३.०.२ मध्ये जोडणी झाल्यावर क्लायंट एक सही केलेली विनंती पाठवतो, व्हॅलिडेट निगोशिएट. ‘मी सुरुवातीला ही यादी पाठवली होती, माझा जीयूआयडी (ओळख क्रमांक) हा, सिक्युरिटी मोड हा’ असं त्यात असतं. सर्व्हर आपल्याला मिळालेल्या यादीशी ती ताडतो, फरक दिसला तर जोडणी तोडतो, नाहीतर आपली माहिती परत पाठवतो आणि मग क्लायंट ताडतो. ३.१.१ मध्ये याहून पक्की पद्धत आली. निगोशिएट आणि सेशन सेटअपच्या (लॉगिनच्या) पाकिटांचा एसएचए-५१२ हॅश, म्हणजे मजकुराचा ठसा, साखळीने घेत जातात आणि सही-एन्क्रिप्शनच्या किल्ल्या काढताना तो त्यात मिसळतात. मध्ये कोणी एक बाइट बदलला तरी दोन्हीकडच्या किल्ल्या जुळत नाहीत. पण हे सगळं एसएमबी २ च्या घरात. एकदा १ वर घसरलं की यातली कुठलीच पडताळणी उरत नाही. म्हणून २ वरून १ वर आपोआप उतरणं हा कोड सुरक्षितपणे लिहिताच येत नाही, कितीही चांगल्या माणसाने लिहिला तरी. तिथे दुरुस्ती सुचवू नका, तो भाग काढायला सांगा.

हे मी एवढ्या जोराने सांगते, कारण असाच एक पॅच मी स्वतः मंजूर केला होता. मे २०१७ मधल्या वॉनाक्राय या एसएमबी १ मधून पसरलेल्या खंडणी-व्हायरसला दोनेक वर्षं झाली होती, एसएमबी १ चं काय करायचं ते सगळ्यांना माहीत झालं होतं, तरीही. एका टॉवेलच्या कारखान्यात उन्हाळ्यात वीज गेली आणि आली. पीसी यूपीएसवर होता, एनएएस नव्हता. एनएएस चालू होताना त्याचं ४४५ (एसएमबीचं) पोर्ट उघडलं, पण पुढे उत्तर यायला वेळ लागत होता. आमच्या टूलने ३.१.१ ला पाच सेकंद वाट पाहिली, ३.० ला पाच, २.१ ला पाच, २.०.२ ला पाच. विसाव्या सेकंदानंतर १ चा प्रयत्न झाला तोवर एनएएस तयार होता, आणि कुठल्यातरी जुन्या स्कॅनरसाठी त्यावर १ चालू ठेवलेलं होतं. जोडणी झाली. टूलने ‘या सर्व्हरसाठी १’ असं सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून ठेवलं, पुढच्या वेळी वीस सेकंद वाचावेत म्हणून. ती नोंद पुन्हा तपासणारी ओळ कोडमध्ये नव्हतीच. पुढचे आठ महिने ३.१.१ येणारे दोन सर्व्हर-क्लायंट एकमेकांशी १ मध्ये बोलत राहिले, सही नाही, एन्क्रिप्शन नाही. कोणाला काही जाणवलं नाही, कारण फाइल्स वेळेवर पोचत होत्या.

आम्ही एनएएसवर १ बंद केलं त्या रात्री उलगडा झाला. रात्रपाळीला नवीन डिझाइन पोचलं नाही, एक माग उभा राहिला. मी डिझाइन रूममध्ये बसून पाकिटं पकडली. पहिले चार बाइट: एफएफ ५३ ४डी ४२. पहिला बाइट एफई असायला हवा होता. शेजारच्या शेडमध्ये मागांचा खडखडाट चालू होता, इकडे सुपरवायझर दारात उभे होते, आणि मी स्क्रीनवरच्या त्या दोन अक्षरांकडे बघत होते. मंजुरी देताना टाइमआउटचा विचार केला होता का, असं मी स्वतःला विचारलं. केला होता, पण टाइमआउट म्हणजे ‘जुना सर्व्हर’ असंच धरून चालले होते.

तेव्हापासून अशा पॅचमध्ये मी सगळ्यात आधी त्रुटी हाताळणारा भाग वाचते, जोडणीचा नंतर. प्रत्येक त्रुटीपुढे विचारते: हिने आवृत्तीबद्दल काही सांगितलं का? जोडणी नाकारली, होस्ट सापडला नाही, टाइमआउट, जोडणी मध्येच तुटली, या चारही आवृत्तीबद्दल मुक्या आहेत. त्यांवर फार तर त्याच यादीने पुन्हा प्रयत्न करायचा, थोडं थांबून. निगोशिएटला ‘नॉट सपोर्टेड’ असं उत्तर आलं तर सर्व्हर बोलला, पण तो म्हणतोय की तुमच्या यादीतलं काहीच मला येत नाही. तेही वापरणाऱ्याला सांगायचं, गुपचूप खाली उतरायचं नाही, कारण त्या उत्तरावरही सही नसते. आणि लॉगऑन फेल्युअरवर आवृत्ती बदलणारा कोड दिसला तर तिथेच थांबा. पासवर्ड चुकला म्हणून कोणी जुनी भाषा बोलायला लागत नाही. वर तोच पासवर्ड अजून कमजोर पद्धतीने पाठवला जाण्याची शक्यता, ती वेगळीच. शिवाय हिशेब करा: पाच आवृत्त्या, प्रत्येकीला तीन प्रयत्न, म्हणजे एकदा चुकीचा पासवर्ड टाकला की पंधरा प्रयत्न. खातं लॉक होण्याची मर्यादा बहुतेक ठिकाणी याच्या बरीच आत असते. सकाळी ऑपरेटर म्हणणार ‘मी एकदाच टाकला होता’, आणि तो खरं बोलत असणार.

यानंतरची जागा सहज नजरेतून सुटते, आणि जाणत्यांकडूनही सुटली आहे: गेस्ट, म्हणजे ओळख न पटवता मिळालेला प्रवेश. गेस्ट किंवा अनामिक सेशनला सही करायला किल्लीच नसते, त्यामुळे अशा सेशनमध्ये सही होत नाही. आता कोडमध्ये ‘सर्व्हरने गेस्टचा झेंडा लावला असेल तर सही बंद करा’ अशी ओळ असेल, तर तो झेंडा मधला माणूसही लावू शकतो. जुलै २०१६ मध्ये साम्बाच्या (लिनक्सवरच्या एसएमबी सॉफ्टवेअरच्या) क्लायंटमध्ये हीच चूक निघाली, तिचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०१६-२११९. सही सक्तीची मागितलेली असतानाही, सेशन सेटअपच्या उत्तरात गेस्टचा झेंडा घुसवला की क्लायंट सही सोडून द्यायचा. ४.४.५ मध्ये ते दुरुस्त झालं. मला ही चूक फार शिकवून गेली, कारण यात आवृत्तीचा आकडा बदलतच नाही. आकडा ३.१.१ च राहतो आणि आतलं संरक्षण मात्र निघून जातं. म्हणून डिफमध्ये (बदललेल्या ओळींत) फक्त आवृत्तीच्या ओळी शोधू नका. ‘सही’, ‘गेस्ट’, ‘एन्क्रिप्शन’ यांच्या किमती सर्व्हरच्या उत्तरावरून खाली येतात अशी प्रत्येक जागा शोधा. वापरणाऱ्याने सक्ती मागितली असेल तर सर्व्हरच्या उत्तराने ती ढिली होता कामा नये, जोडणीच पडली पाहिजे. तसंच व्हॅलिडेट निगोशिएटला जुन्या सर्व्हरकडून त्रुटी येऊ शकते, त्याला ती विनंती माहीतच नसते. ती त्रुटी चालवून घ्यायची, पण तिच्यावर बरोबर सही असेल तरच. बिनसहीची त्रुटी आली आणि कोड ‘जुना दिसतोय, चालू द्या’ म्हणाला, तर अख्खी पडताळणी वाया गेली.

एन्क्रिप्शन ३.० पासून आलं. ज्याने सेटिंगमध्ये एन्क्रिप्शन हवंच म्हटलंय त्याच्यासाठी यादी ३.० च्या खाली जाताच कामा नये. हा तळ यादी बनवतानाच ठरला पाहिजे, जोडणी झाल्यावर तपासून नव्हे, कारण तोवर ओळखीची देवाणघेवाण होऊन गेलेली असते.

पुन्हा प्रयत्न करायचाच असेल तर जुन्या प्रयत्नातलं काय काय मागे राहतं, तेही तपासा. त्याच टीसीपी जोडणीवर दुसऱ्यांदा एसएमबी २ निगोशिएट पाठवता येत नाही, डायलेक्ट ठरलेला असेल तर सर्व्हरने जोडणी तोडावी असं प्रोटोकॉलच सांगतो. नवी जोडणी म्हणजे सगळंच नवं: मेसेजचे क्रमांक शून्यापासून, क्रेडिट (किती विनंत्या पाठवता येतील त्याची मुभा) नव्याने, ३.१.१ चा हॅश पुन्हा चौसष्ट शून्य बाइटपासून. हॅशची किंमत क्लासच्या फील्डमध्ये राहून गेली की दुसऱ्या प्रयत्नात किल्ल्या चुकतात, आणि त्रुटी दिसते ती ‘पासवर्ड चुकीचा’ किंवा ‘सही जुळत नाही’ अशी. मग माणूस भलतीकडेच शोधत बसतो. याला एक अपवाद आहे. एसएमबी १ च्या रूपातली विनंती ‘एसएमबी २.???’ या डायलेक्टसह पाठवली आणि सर्व्हरने ०२एफएफ हे उत्तर दिलं, तर त्याच जोडणीवर दुसरी विनंती जाते आणि तिचा मेसेज क्रमांक १ असावा लागतो. तुमच्या टूलला हा रस्ता लागणारच नाही, पण लायब्ररीत तो असतो.

खाली उतरल्यावर आकारही बदलतात. २.०.२ मध्ये एका वेळी ६४ किलोबाइटपेक्षा जास्त वाचता-लिहिता येत नाही, मोठे तुकडे आणि त्यांचा क्रेडिटचा हिशेब २.१ पासून आला. टूल एक मेगाबाइटचे तुकडे पाठवत असेल आणि तो आकडा कोडमध्ये पक्का बसवलेला असेल, तर जोडणी होईल, लहान फाइल्स जातील आणि मोठी डिझाइन फाइल मध्येच अडकेल. सर्व्हरने निगोशिएटच्या उत्तरात कळवलेली मर्यादाच वापरली जाते ना, हे बघा.

आवृत्तीची नावं हा अजून एक खड्डा. लिनक्सच्या माउंटमध्ये आवृत्ती ‘३’ लिहिलं तर ३.० आणि त्यावरचं सगळं, पण ‘३.०’ लिहिलं तर फक्त ३.०. एका टिंबाने ३.१.१ दाराबाहेर. साम्बाच्या सेटिंगमध्ये मात्र ‘एसएमबी३’ म्हणजे ३.१.१ आणि ‘एसएमबी२’ म्हणजे २.१. तिथे किमान आवृत्ती म्हणून ‘एसएमबी३’ दिली की ३.० वाला सर्व्हर बाहेर राहतो. ‘३.०२’ आणि ‘३.१.१’ यांची दशांश संख्या म्हणून किंवा मजकूर म्हणून तुलना करणारा कोड दिसला तर बदलायला लावा. आतमध्ये हेक्स आकडेच ठेवा, ०३०२ आणि ०३११, तुलना आपोआप बरोबर होते.

कधी एनएफएस या दुसऱ्या फाइल-प्रोटोकॉलचं माउंट जोडलंत तर तिथे स्थिती थोडी बरी आहे. मुख्य आवृत्ती (३ की ४) जुळली नाही तर सर्व्हर आपल्याला येणारी सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची आवृत्ती उत्तरात कळवतो. क्लायंट ४.२ पासून खाली येतो. पण केर्बरोस (ओळख पटवण्याची पक्की पद्धत) मागितला असेल तर तो खालच्या आवृत्तीतही मागितलेलाच राहतो ना, एवढं नक्की तपासा.

आता टेस्ट. तुमच्या पॅचमधल्या टेस्ट ‘जुना सर्व्हर असला तरी जोडणी होते’ एवढंच सिद्ध करतात. मी एक उलटी टेस्ट मागेन: खोटा सर्व्हर लिहा, तो पहिल्या चार जोडण्या नुसत्या तोडतो आणि पाचवीला कुठल्याही आवृत्तीत खुशाल होकार देतो. टूल १ च्या पाकिटाने बोललं की टेस्ट नापास. हीच टेस्ट आमच्याकडे असती तर ती आठ महिन्यांची गोष्ट घडली नसती. दुसरी टेस्ट खऱ्या साम्बावर. एका व्हर्च्युअल मशीनवर सर्व्हरची किमान-कमाल आवृत्ती बदलत जा आणि प्रत्येक वेळी एसएमबीस्टेटस चालवा. प्रोटोकॉल, एन्क्रिप्शन आणि सायनिंगचे रकाने त्यात वेगवेगळे दिसतात, गेस्टसारखी गोष्ट तिथेच पकडली जाते. विंडोजवर पॉवरशेलमध्ये गेट-एसएमबीकनेक्शन डायलेक्ट दाखवतं.

आणि तो जुना एनएएस? त्याला वाऱ्यावर सोडा असं मी म्हणत नाही. कारखानदाराने तो पैसे मोजून घेतलाय आणि तो अजून चालतोय. १ ची परवानगी सर्व्हरच्या नावावर, माणसाने हाताने लिहिलेली असू द्या. सगळ्यांसाठी एक बटण नको, आणि टूलने आपण होऊन लिहिलेली नोंद तर नकोच. जमलं तर त्याहून चांगलं: दोन नेटवर्क कार्डांची एक लहान लिनक्स पेटी मध्ये ठेवा. एका कार्डावर फक्त तो एनएएस, तिकडे १.० ने माउंट. दुसऱ्या कार्डावर साम्बा, तोच फोल्डर ३.१.१ ने. तुमच्या कामात फाइल एकाच दिशेने जाते, दोघे एकच फाइल एकाच वेळी उघडत नाहीत, त्यामुळे लॉकिंगची अडचण येणार नाही. साम्बानेही ४.११ पासून, २०१९ मध्ये, वेगळं काही सांगितलं नाही तर १ बोलणं दोन्ही बाजूंनी बंद केलंय. पेटीवर नवीन साम्बा टाकलात तर कारखान्याच्या बाजूला १ चुकूनही उघडं राहणार नाही.

सहकाऱ्याला रिव्ह्यू लिहिताना हे सगळं एकदम ओतू नका. चार गोष्टी मागा: यादी एकदाच पाठवणं, १ ची पायरी काढणं, खोट्या सर्व्हरची टेस्ट, आणि प्रत्येक जोडणीला लॉगची एक ओळ. त्या ओळीत काय मागितलं, काय मिळालं, सही आहे की नाही, एन्क्रिप्शन आहे की नाही, एवढं असू द्या. आणि ज्या युनिट्समध्ये टूल आधीपासून चालू आहे तिथल्या सेटिंगच्या फाइल्स या आठवड्यातच उघडून बघा. आवृत्तीची नोंद सापडली तर ती पुसा, पण आधी समोरचा एनएएस खरंच किती जुना आहे ते साम्बाच्या एसएमबीक्लायंट कमांडने विचारून घ्या, आणि हे रात्रपाळी सुरू व्हायच्या आत करा.